जहांगीर, जयपूर हाऊस आणि मॉलमधलं म्युझियम: चित्रासमोर किती वेळ उभं राहता तुम्ही?

ओला_कागद

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी कोल्हापुरात ड्रॉइंग अँड पेंटिंगला आहे, तिसरं वर्ष. गेल्या महिन्यात आमची स्टडी टूर झाली, मुंबई आणि दिल्ली. एरवी टूर म्हणजे फोटो, मोमो आणि सरोजिनी नगरची खरेदी, पण यंदा सरांनी निघायच्या आधी एक खुळं काम दिलं. प्रत्येक गॅलरीत एकच चित्र निवडायचं, घड्याळ बघून त्याच्यासमोर उभं राहायचं आणि मन उडालं की वहीत मिनिटं लिहायची, बास. कारणं लिहायची नाहीत, समीक्षा तर अजिबात नाही.

मला वाटलं होतं की जहांगीरला माझी सगळ्यात जास्त मिनिटं होणार. महालक्ष्मी एक्सप्रेसमधून सकाळी उतरलो, सीएसएमटीवरून चालतच काळा घोडा. आत जायला पैसे नाहीत, कोण अडवत नाही, ऑफिसला जाणारी माणसं पिशवीसकट आत येऊन एक चक्कर मारून जातात, बाहेर फुटपाथवर पेन्सिल पोर्ट्रेटवाले बसलेले. म्हणजे आपलंच घर की. आत एका हॉलमध्ये निसर्गचित्रं लागली होती, तेलरंग, मोठे कॅनव्हास, एका चित्रात पाऊस पडून गेल्यानंतरचा काळ्या रानाचा तुकडा होता तो मला फार आवडला, खालचा अर्धा भाग जवळजवळ नुसता नाईफने ओढलेला. मी उभी राहिले, आणि दुसऱ्याच मिनिटाला पाठीवर कोणाची तरी नजर आहे असं वाटायला लागलं. चित्रकार स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले. चांगले सज्जन गृहस्थ होते हो, हसले पण. पण मग मी चित्र बघत होते की चित्र बघतेय असं त्यांना दाखवत होते तेच कळेना, मान तिरकी केली, दोन पावलं मागे गेले, परत पुढे आले, सगळं नाटक. शेवटी त्यांनी विचारलं कसं वाटलं, मी म्हटलं खूप छान सर, वहीत पण खूप छान लिहिलं आणि बाहेर पडले. चार मिनिटं.

त्याच दुपारी कुलाब्यात एका प्रायव्हेट गॅलरीत गेलो, नाव लिहीत नाही. जुन्या बिल्डिंगचा लाकडी जिना, काचेचं दार, बेल दाबायची. आत पांढऱ्या भिंती, टेबलामागच्या मुलीने लॅपटॉपमधून मान पण वर केली नाही. चित्राशेजारी नाव नाही, किंमत नाही, काही नाही. आमच्यातला एकजण कुजबुजला की आपल्या चपला वाजतात. सातजण होतो, दोन मिनिटात सगळे परत जिन्यावर. हे मी मोजतच नाही.

दिल्लीत जयपूर हाऊस. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, १९५४ पासून तिथे आहे, इंडिया गेटला लागूनच, मूळचा जयपूरच्या महाराजांचा बंगला, वर घुमट. अमृता शेरगिलची शंभराहून जास्त कामं यांच्या संग्रहात आहेत. आम्ही तिची 'तीन मुली' आतापर्यंत पुस्तकात पोस्टकार्डाएवढी बघितलेली. समोर उभं राहिल्यावर कळलं की ते चित्र मोठं वगैरे नाहीये, पण तिघी अंगावर येतात. कुणी कुणाकडे बघत नाही, आपल्याकडे तर नाहीच नाही. मी हातांकडे बघत बसले, हात किती सपाट रंगवलेत, आमच्याकडे असं केलं तर व्हॉल्यूम, म्हणजे गोलाई, कुठंय म्हणून शीट परत येईल. तेवढ्यात शाळेची सहल आली, रांगेने, आणि एक पोरगं माझ्या शेजारी थांबून म्हणालं, "ये तीनों दीदी नाराज़ हैं क्या?" आमच्या वर्गात दोन वर्षं शेरगिल शिकतोय, पॅरिस, गोगँ, अजिंठा सगळं पाठ, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. अकरा मिनिटं, त्यातली तीन त्या पोराची.

आणि मग किरण नाडर म्युझियम. साकेतला, मॉलमध्ये. खरोखर मॉल, सिक्युरिटीला बॅग दाखवायची, परफ्यूमचा वास, सेलचे बोर्ड, आणि तिथेच एका दारातून आत गेलं की एकदम गप्प. हे पण फुकट. आत नसरीन मोहमदीची काही ड्रॉइंग होती. कागद, पेन्सिल, शाई, आणि रेघा. एवढंच. लांबून बघितलं तर काहीच नाही, जवळ गेलं तर एक रेघ दुसरीपेक्षा केसाएवढी फिकट होत जाते, मग मध्येच थांबते, मग कुठूनतरी तिरकी निघते. मी जी थांबले ती मागून मैत्रीण दंडाला धरून न्यायला आली तेव्हाच हलले. पस्तीस मिनिटं.

माझा घोळ इथे आहे. जी जागा आपली वाटते तिथे चार मिनिटं आणि जिथे बाहेर आठ हजारांचे बूट विकतात तिथे पस्तीस? मला लाज वाटली खरं सांगायचं तर. सरांना वही दाखवली, ते नुसते हसले. तुमचं काय होतं सांगा ना.

गिरगावचा_नाना

बाळ, लाज कसली त्यात. मी चित्रकलेतला नाही, फोर्टात बँकेत कारकून होतो, तीस वर्षं. लंच टायमात डबा खाऊन जहांगीरला एक फेरी, हा नेम. खरं सांगू, सुरुवातीला पावसातून आत शिरलो होतो, छत्री नव्हती म्हणून. मग सवयच लागली. चित्रं दर आठवड्याला बदलायची त्यामुळे कंटाळा यायचा प्रश्न नाही. एका चित्रासमोर तीन मिनिटांच्या वर मी कधीच थांबलो नाही, एक चाळीसला काउंटरवर हजर व्हायचं असायचं! पण तू हिशोब कर, तीस वर्षं रोज तीन मिनिटं. तुझ्या पस्तीसच्या पुढे जाईन मी.

त्या इमारतीत तेव्हा समोवार नावाचं कॅफे होतं. १९६४ साली सुरू झालेलं, लांबट बोळासारखं, एका बाजूला हिरवळ. तिथे पराठा आणि चहा घेऊन लोक तासन्‌तास बसायचे, शेजारच्या टेबलावर कोण दाढीवाला चित्रकार आहे ते आम्हाला कळायचं नाही, बिल कोण देणार यावरून त्यांचं भांडण चाललेलं ऐकू यायचं. वरच्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड होती, १९६३ पासून. ती पुढे प्रिस्कॉट रोडला गेली. समोवार २०१५ ला बंद झालं त्या आठवड्यात मी मुद्दाम विरारच्या मुलीकडून आलो होतो, रांग एवढी की आत बसायला जागाच मिळाली नाही.

सांगायचा मुद्दा, तिथे चित्र बघणं हे चहा, पाऊस, डबा यांच्यामधलं एक काम होतं. तू ते सुटं काढून घड्याळ लावलंस म्हणून चार मिनिटं आली.

टर्पेंटाईन

कोपऱ्यातल्या खुर्चीतून लिहितोय :)

त्या हॉलमध्ये मी पण बसलोय. तुझ्यावेळी मी नव्हतो, काळजी करू नकोस, माझी निसर्गचित्रं नसतात. पण नजर म्हणतेस ती खरी आहे, अगदी खरी. जहांगीरला तारीख मिळायला वर्षं जातात, अर्ज केला तेव्हा माझी मुलगी बालवाडीत होती आणि प्रदर्शन लागलं तेव्हा ती पाचवीत. मागणीच तेवढी आहे, महाराष्ट्रातल्या प्रत्येक चित्रकाराला आयुष्यात एकदा तरी तिथे लावायचं असतं. मग नाशिकहून टेम्पो, फ्रेमवाल्याची उधारी, बबल रॅप, कॅटलॉग, बहिणीकडे सात दिवस मुक्काम. आदल्या रात्री टांगणी, लेव्हल बघून बघून मान मोडते. आणि मग सात दिवस खुर्ची.

त्या खुर्चीत बसून माणूस काय करतो? पाठी बघतो. लोकांचे चेहरे चित्राकडे, आपल्याला फक्त पाठी. मला तिसऱ्या दिवसापासून पाठीवरून कळायला लागलं की हा थांबणार की सरकणार. जो खरंच बघतो त्याचं वजन एका पायावर जातं. तू वळून बघितलंस की आम्ही लगेच मोबाईलमध्ये डोकं घालतो, तेही नाटकच. अभिप्रायाच्या वहीत माझ्याकडे 'खूप छान' एकशे बारा वेळा होतं, बायकोने मोजलं. आणि एक होतं, "उजवीकडचं निळं घाईत झालंय." नाव नाही, गाव नाही. ते निळं खरंच घाईत झालं होतं, टेम्पो यायच्या आदल्या दिवशीचं. त्या माणसाला मी अजून शोधतोय.

दोन गेली त्या प्रदर्शनात, एक डेंटिस्टने नेलं. भाडं निघालं नाही. पुढच्या वेळी चित्रकार दिसला तर छान म्हणू नकोस, सरळ विचार की हा पांढरा कुठला वापरलाय, झिंक का टायटॅनियम. बघ कसा खुलतो. एकदा बोलणं सुरू झालं की नजर जाते.

सामान्य_माणूस_७७

मी आपला सरळ विचारतो, रागावू नका कोणी. त्या रेघांच्या चित्रात पस्तीस मिनिटं बघण्यासारखं काय असतं? मी सिव्हिलचा डिप्लोमा केलाय, सेकंड इयरला मिनीड्राफ्टर आणि रॉट्रिंग पेन घेऊन रात्र रात्र अशा रेघा मारल्यात, आमच्या सरांनी शीटवर लाल पेनाने 'रीड्रॉ' लिहिलं, म्युझियममध्ये कोणी टांगली नाही. हाहा.

ओला_कागद

@सामान्य_माणूस_७७ काका हसू नका पण तुम्ही फार जवळ आलायत. नसरीन पण ड्राफ्टिंगचीच साधनं वापरायची, पेन्सिल, शाईची पेनं, पट्ट्या. बडोद्याला शिकवायची, १९७२ पासून. आणि तिला पुढे असा आजार झाला की हातावरचा ताबा जात चालला होता, तरी त्या काळातल्या रेघा बघा, कुठे थरथर नाही. १९९० साली गेली, आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. माझं पहिलं पंधरा मिनिटं नुसतं हेच चाललेलं की ही रेघ एका दमात मारलीय की उचलून. तुम्ही रात्रभर रेघा मारल्यात ना, मग तुम्हाला ते माझ्यापेक्षा आधी कळेल. मला तर वाटतं तुमचे चाळीस मिनिटं होतील.

सामान्य_माणूस_७७

शाईने एका दमात लांब रेघ म्हणजे श्वास रोखावा लागतो. आणि पेन उचललं तिथे ठिपका पडतोच, कितीही काळजी घ्या. ठिपका नाही म्हणता?

ओला_कागद

मला तरी दिसला नाही काका, आणि मी नाक काचेला लावून बघितलंय.

सामान्य_माणूस_७७

हं. मग बघायला पाहिजे एकदा.

काचेच्या_दाराआड

मी बहुतेक ती लॅपटॉपवाली मुलगी आहे. म्हणजे तीच असेन असं नाही, पण कुलाब्यातल्याच एका गॅलरीत तीन वर्षं काम करते त्यामुळे अंगाला लावून घेतलं.

मान वर का करत नाही ते सांगते. नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, आलेल्या माणसाच्या मागे मागे फिरायचं नाही, दुकान नाहीये हे, त्याला बघू दे. मला वाटायचं हे किती चांगलं आहे. मी स्वतः डोंबिवलीची, साडीच्या दुकानात सेल्समन मागे लागला की मी बाहेर पडते, त्यामुळे पटलंच. आणि आता तुझं वाचून कळतंय की समोरून ते कसं दिसतं. चित्राशेजारी लेबल नसतं कारण भिंत मोकळी हवी असते, पण टेबलावर यादी असते, नंबर टाकून, कोणीही उचलावी. कोणी उचलत नाही. ती यादी फक्त विकत घेणाऱ्यांसाठी असते असं सगळ्यांना वाटतं. किंमतीची यादी वेगळी असते, ती मागितल्यावर देतात, ते मान्य.

बेल सुरक्षेसाठी आहे, माणसं गाळायला नाही. पण गाळली जातात हे पण खरं, मी रोज कॅमेऱ्यात बघते, जिना चढून दारापर्यंत येऊन बेलकडे बघून परत जाणारी पोरं. जानेवारीत गॅलरी वीकएंड असतो तेव्हा सगळ्या गॅलऱ्या एकदम नवीन प्रदर्शनं उघडतात, गर्दीत गर्दी मिसळते, त्या दिवसांत ये. किंवा कुठल्याही मंगळवारी दुपारी तीन वाजता ये, कोणी नसतं. एखादी वॉकथ्रू, म्हणजे बरोबर फिरून चित्रांबद्दल सांगणं, मागितलीस तर आम्ही देतो, आनंदाने देतो, दिवसभर मेल पाठवून डोकं बधिर झालेलं असतं.

तुमच्या चपला वाजल्या त्या माझ्या पण वाजायच्या. आता मी शूज घालते.

ओला_कागद

@काचेच्या_दाराआड ताई सॉरी, मी फार तुसडेपणाने लिहिलं ते. यादी होती टेबलावर, आठवतंय आता, पांढरा कागद. मला बिल वाटलं.

हातोडा_पडला

सगळे मिनिटं मोजताय, रुपये कोणीच मोजत नाही म्हणून मी मोजतो. हुसेनचं 'ग्राम यात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्टीजच्या लिलावात विकलं गेलं, ११८ कोटींच्या घरात. भारतीय आधुनिक चित्राचा तोवरचा विक्रम. १९५४ चं चित्र, जवळजवळ चौदा फूट लांब, खेड्यातली तेरा दृश्यं. घेतलं कोणी, तर बातम्यांप्रमाणे त्याच किरण नाडरांनी ज्यांच्या मॉलमधल्या म्युझियममध्ये तू उभी होतीस. तिथे फुकट का आहे ते आलं ना लक्षात, मागे पैसा उभा आहे. पांढऱ्या भिंतीची शांतता पण विकतच घेतलेली असते.

आता यातली गंमत ऐक. ते चित्र १९५४ मध्येच एका डॉक्टरने घेतलं आणि त्याच्यामार्फत ते नॉर्वेत ओस्लोच्या एका हॉस्पिटलकडे गेलं. वर्षानुवर्षं तिथेच होतं. म्हणजे चौदा फुटांचे बैल, बाया, दळणाची जाती, शेतकरी, आणि समोरून जाणारे कोण तर नॉर्वेजियन डॉक्टर, नर्स आणि स्ट्रेचर. त्यांनी किती मिनिटं बघितलं असेल?

गिरगावचा_नाना

हॉस्पिटलात बसलेला नातेवाईक खूप वेळ बघतो हो. दुसरं काही नसतंच बघायला. मला आमच्या हिच्या ऑपरेशनच्या वेळचं हॉस्पिटलातलं कॅलेंडर अजून तारखेसकट आठवतं.

थेम्सकाठी

लंडनहून. मूळ सांगलीची. इथे टेट मॉडर्न आहे, नदीकाठच्या बंद पडलेल्या वीज केंद्रात २००० साली सुरू केलेलं. संग्रह बघायला फुकट. टर्बाइन हॉल म्हणजे इतकी मोठी जागा की पोरं तिथे जमिनीवर लोळतात, शनिवारी मी मुलाला तिथे पळायला नेते, खोटं कशाला बोला, चित्रांसाठी नाही.

पण रॉथ्को या अमेरिकन चित्रकाराची चित्रं लागलेली खोली असते तिथे मी एकटी जाते. मरून आणि काळे मोठे कॅनव्हास, उजेड मुद्दाम मंद, मध्ये बाक. ती चित्रं मुळात न्यूयॉर्कच्या सीग्राम इमारतीतल्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी सुरू केली होती त्याने, मग तिथे एकदा जेवून आला आणि म्हणाला नाही देत. पुढे त्यातली काही टेटला दिली. ती लंडनला पोचली तो दिवस २५ फेब्रुवारी १९७०, आणि त्याच दिवशी तो न्यूयॉर्कमध्ये त्याच्या स्टुडिओत मेलेला सापडला.

आता माझा मुद्दा. ओला_कागद, तुझ्या चारही जागांमध्ये बसायची सोय काय होती ते तू लिहिलंच नाहीस. मी इथे आल्यावर पहिली दोन वर्षं फार एकटी होते, त्या बाकावर तास तास बसलेय, सगळा वेळ चित्रच बघत होते असा दावा नाही, पण बसायला बाक होता आणि कोणी उठवत नव्हतं. पायाला कळ लागली की मन उडतंच. मिनिटं मोजायची तर आधी गुडघे मोजा.

ओला_कागद

अय्यो हे खरंच लिहिलं नाही मी. जहांगीरला जी खुर्ची होती तिच्यावर चित्रकार बसलेले. मॉलमध्ये त्या ड्रॉइंगच्या समोर नव्हतं पण आधीच्या खोलीत बाक होता, तिथे दहा मिनिटं टेकून पाय मोकळे करून मग आत गेले होते मी. म्हणजे माझी पस्तीस मिनिटं फसवी आहेत का काय :(

औंधकर_पाहुणा

कोल्हापूरची आहेस आणि मुंबई दिल्ली करून आलीस, वाटेतलं औंध राहिलं का? कऱ्हाडवरून पुसेसावळी, मग औंध. यमाईच्या डोंगराच्या उतारावर श्री भवानी संग्रहालय आहे. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलं, ते स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे तेच. संस्थान एवढंसं आणि संग्रह बघ काय, राजा रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं, चित्रकार धुरंधर, तुमच्या कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. आणि हेन्री मूर. हो, तोच इंग्लंडचा शिल्पकार हेन्री मूर, त्याचं दगडाचं छोटं 'मदर अँड चाइल्ड' सातारा जिल्ह्यातल्या डोंगरावर आहे. लोक देवीला येतात, दर्शन झालं की तिकीट काढून संग्रहालयात शिरतात, हातात नारळ असतो, कपाळाला कुंकू. तुमच्या पांढऱ्या भिंतीवाल्या लोकांना सांगा, इथे रविवर्म्यासमोर बायका हात जोडतात. जोडून झाल्यावर बांगड्यांचं काम किती बारीक आहे यावर चर्चा करतात. हे बघणं नाही का?

टर्पेंटाईन

हेन्री मूर औंधात आहे हे मला चाळिशीत कळलं, तेही एका फ्रेंच माणसाकडून. कॉलेजात कोणी सांगितलं नाही.

हातोडा_पडला

@औंधकर_पाहुणा अवांतर: रविवर्मा, शेरगिल, जामिनी रॉय वगैरे नऊ जणांची चित्रं १९७२ च्या कायद्याखाली राष्ट्रीय ठेवा आहेत, भारतात असलेली बाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे औंधची, दिल्लीची ती इथेच बघावी लागणार, न्यूयॉर्कचा मालदार माणूस नेऊ शकत नाही.

ओला_कागद

अपडेट. रविवारी गेलो औंधला, मी आणि मैत्रीण, तिच्या भावाची गाडी घेऊन. आधी देवीला गेलो कारण आजीने घरातून नारळ दिलाच होता, मग खाली संग्रहालयात. माझ्या पण कपाळाला कुंकू.

हेन्री मूर पहिल्यांदा आम्हाला सापडलाच नाही, आम्ही काहीतरी अवाढव्य शोधत होतो, पुस्तकात त्याची ती बागेत पहुडलेली मोठमोठी ब्राँझ बघितलेली ना. तो निघाला केवढासा. आई आणि पोर दोघं एकाच दगडात दाटीवाटीने. एका बाजूने गेलं की आईचा खांदा वाटतो तो दुसऱ्या बाजूने पोराची पाठ होतो. मी फिरत राहिले. शेजारी एक मावशी होत्या, त्यांच्या सुनेला म्हणाल्या, "दगूड हाय पर अंगावर पाजतीया वाटतं." मी गप्प. शेरगिलसमोरचं ते पोरगं आठवलं. माझी पस्तीस मिनिटं कोणी बोललं नाही म्हणून झाली असं मी समजत होते, पण शेरगिलची अकरा आणि ही आत्ताची, दोन्ही वेळेला कोणीतरी शेजारी बोललं म्हणूनच मी थांबले. मग जहांगीरला बोलणारा माणूस, तो पण ज्याने चित्र काढलंय तो, समोर बसलेला असताना मी पळून का आले? मला वाटतं मी त्यांना घाबरले. त्या शाळेच्या पोराला आणि मावशींना चित्राबद्दल चुकायची भीती नव्हती आणि मला होती, तीन वर्षं शिकून हे कमावलं. मॉलमध्ये चुकले तरी ऐकायला कोणी नव्हतं.

औंधची मिनिटं लिहिली, चौदा. रविवर्म्यासमोर नऊ, त्यातली निम्मी बांगड्यांवर, औंधकर काका बरोबर बोललात. सरांना वही परत दिली, त्यांनी खाली फक्त 'कुंकू?' एवढंच लिहिलंय, पानावर डाग पडला होता.

काचेच्या_दाराआड

हे वाचून मी आज यादीचा गठ्ठा टेबलावरून उचलून दाराशेजारच्या स्टुलावर ठेवला. संध्याकाळपर्यंत चार गेल्या. एक कुरियरवाल्याने नेली.

थेम्सकाठी

कुरियरवाला परत आला तर बाक द्या त्याला.

टर्पेंटाईन

बरं ऐका. फेब्रुवारीत पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात लावतोय, एकवीस कॅनव्हास आहेत, एकही निसर्गचित्र नाही. या धाग्यामुळे ठरवलंय की खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये टाकणार. आत कोणी बसणार नाही. ज्याला बोलायचंय त्याने बाहेर यावं, ज्याला नाही त्याने नुसतं निघून जावं, मी पाठ पण बघणार नाही. बायको म्हणते दोन दिवसात आत येशील. ओला_कागद, तू ये आणि निळ्याबद्दल काय ते खरं लिही.

ओला_कागद

येणार सर. पांढरा झिंक का टायटॅनियम ते विचारणार पण आहे.

गिरगावचा_नाना

पॅसेजमध्ये दोन खुर्च्या टाका. मी डेक्कन क्वीनने येतो, थर्मास आणतो.

सामान्य_माणूस_७७

रेघांचं काही असेल तर मी पण येतो. शनिवारी बालगंधर्वला चारचाकीला पार्किंग मिळतं का हो?